मुंबईची ट्राम नेमकी कशाने गेली?

संभाजीनगरात मेट्रोची बातमी छापून आली की दोन-चार दिवसांत व्हॉट्सॲपवर एक जुना फोटो फिरायला लागतो. बोरीबंदरसमोरून चाललेली ट्राम, बाजूला घोडागाडी, पुढे धोतर-टोपीवाली माणसं. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की विजेवर चालणारी, धूर न सोडणारी गाडी आपण साठ वर्षांपूर्वी भंगारात घातली आणि आता तीच हजारो कोटींना परत आणतोय. लगेच ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, जुनाट झाली होती, रस्ता अडवत होती, गेली ते बरं झालं. दुसरा म्हणतो, मोटार आणि टायर कंपन्यांनी संगनमत करून तिला मारलं.

दोन्हीत थोडं-थोडं तथ्य आहे, पण खरा घोळ मला रस्त्याच्या मालकीत दिसतो. ट्रामचे रूळ कंपनीचे होते, पण ते ज्या रस्त्यात पुरलेले होते तो रस्ता कधीच कंपनीचा नव्हता. आणि सुरुवातीला ज्या कारणासाठी एवढा खर्च करून रूळ टाकले, ते कारण पुढे उरलं नाही. हे समजून घ्यायचं तर घोड्यांपासून सुरुवात करावी लागते.

मुंबईत ट्राम आणायचा परवाना पहिल्यांदा मिळाला तो १८६५ साली, एका अमेरिकन कंपनीला. ते वर्षच वाईट निघालं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोवर तिकडचा कापूस इंग्लंडला पोचत नव्हता, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईच्या बाजारात पैसा नुसता वाहत होता. युद्ध संपलं, भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या. कापसाचा भाव पडल्यावर बाजाराची काय गत होते हे जालना-परभणीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ट्राम कागदावरच राहिली.

पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली, सरकारने ट्रामसाठी स्वतंत्र कायदा केला आणि ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम धावली. मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. भाडं तीन आणे, तिकीट वगैरे काही नाही. नंतर भाडं दोन आण्यांवर आलं, आणि फुकटे प्रवासी वाढले म्हणून तिकिटंही आली.

घोडेच जुंपायचे तर रूळ कशाला, असं वाटेल. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा ते फारसं अडतच नाही. खडीच्या रस्त्यावर टांग्याच्या घोड्याला पाच-सहा माणसं जड होतात. तसलेच दोन घोडे रुळावरून पंचवीस-तीस माणसांचा डबा ओढून नेतात. ट्रामचं सगळं अर्थशास्त्र इथून सुरू होतं. रूळ टाकायला एकदाच भरमसाट खर्च, पण नंतर माणशी ओढण्याचा खर्च अगदी कमी.

अडचण घोड्यांचीच होती. घोडा दिवसभर जुंपता येत नाही, काही तासांनी सोडावाच लागतो, म्हणजे एका डब्यामागे घोड्यांच्या कितीतरी जोड्या पाळाव्या लागतात. मुंबईच्या कंपनीच्या तबेल्यात ९०० च्या आसपास घोडे होते असं सांगतात. त्यांचा चारा, नाल, मोतद्दार, लीद उचलणारे, आणि गाडी उभी असली तरी चालू राहणारं त्यांचं खाणं. त्यात साथ आली की कारभार बंद. १८७२ साली उत्तर अमेरिकेत घोड्यांमध्ये तापाची साथ पसरली तेव्हा मोठमोठी शहरं ठप्प झाली होती. त्यामुळे घोड्याला पर्याय शोधायची घाई सगळ्यांनाच होती. वाफेचं इंजिन रस्त्यात चालवून पाहिलं, पण धूर, ठिणग्या आणि आवाज यामुळे भर वस्तीत ते कुणाला नको होतं.

वीज आली ती अशी. वर्नर सीमेन्सने १८८१ मध्ये बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डला विजेची ट्राम चालवली, पण वीज रुळातूनच सोडली होती. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला किंवा घोड्याला झटका बसणारच. गर्दीच्या शहरात चालेल अशी पद्धत बसवली फ्रँक स्प्रेग या अमेरिकन इंजिनिअरने, १८८८ मध्ये, रिचमंड या चढउतारांच्या शहरात. त्याने वीज डोक्यावरच्या तारेत नेली. गाडीच्या टपावर एक लांब दांडा, त्याच्या टोकाला छोटं खाचेचं चाक, खालून स्प्रिंगचा दाब. ते चाक तारेला खालून चिकटून पळतं आणि वीज खाली मोटारीत येते. काम करून झालेली वीज चाकांतून रुळात उतरते आणि रुळांमधूनच वीजघरात परत जाते. म्हणजे वरची तार आणि खालचा रूळ मिळून एक वायरची जोडी, आणि गाडी त्या दोन्हींच्या मध्ये.

ही वीज आपल्या घरातल्यासारखी एसी नसून डीसी असे, साधारण ५०० ते ६०० व्होल्टची. ड्रायव्हरपुढे एक उभी पेटी आणि तिच्यावर पितळी हँडल. मोटारी दोन. हँडल पहिल्या खाचेत टाकलं की दोन्ही मोटारी एकामागे एक जोडल्या जातात, म्हणजे वीज आधी एकीतून मग दुसरीतून जाते आणि प्रत्येकीच्या वाट्याला निम्मंच व्होल्टेज येतं. गाडी धक्का न देता हलते. हँडल खाच-खाच पुढे सरकवत नेलं की मध्ये घातलेले रोध, म्हणजे वीज अडवून धरणारे तुकडे, निघत जातात, आणि शेवटी मोटारी समांतर जोडल्या जाऊन प्रत्येकीला पूर्ण व्होल्टेज मिळतं. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. पायाखाली घंटा. शेवटच्या थांब्यावर ट्राम वळवायची गरज नसते, कारण दोन्ही टोकांना हँडलची सोय केलेली असते. कंडक्टर खाली उतरून दोरीने टपावरचा दांडा ओढतो, अर्धा वळसा घालून उलट्या बाजूने तारेला लावतो, ड्रायव्हर हँडल काढून घेऊन दुसऱ्या टोकाला जातो, आणि गाडी निघते. रात्री हे करताना दांडा तारेवरून सटकला की डब्यातले दिवे जात, आणि परत लागला की वर निळी ठिणगी उडे.

एक भानगड मात्र पुढे फार महागात पडणारी होती. रुळातून परत जाणारी वीज सांध्यावर अडली तर ती जमिनीतला दुसरा सोपा रस्ता धरते, म्हणजे पाण्याचा किंवा गॅसचा लोखंडी पाइप. जिथून ती पाइप सोडून बाहेर पडते तिथे पाइप हळूहळू खाल्ला जातो. म्हणून दोन रुळांच्या सांध्यावर तांब्याची जाड तार जोडावी लागे, आणि ती तपासत राहावी लागे. रस्त्याखाली काय-काय आहे याचा हिशोब ट्राम कंपनीच्या गळ्यात पडला तो इथून.

भारतात विजेची ट्राम पहिल्यांदा मद्रासला धावली, १८९५ मध्ये. कलकत्त्याला १९०२, मुंबई आणि कानपूरला १९०७, दिल्लीला १९०८. ही गावं पाहिली की लक्षात येतं, सगळीकडे बंदर, छावणी, गिरण्या किंवा राजधानी. आमचं औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि १९०० साली मनमाडहून निघालेली मीटरगेज गाडी नुकतीच येऊन थांबायला लागली होती. स्टेशनावरून गुलमंडीला टांगा पुरत होता.

आता मुंबईच्या कंपनीचं नाव बघा. २७ जून १९०५ ला जी कंपनी नोंदली गेली तिचं नाव बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. आज आपण जिला बेस्ट म्हणतो ती हीच. वीजपुरवठा आणि ट्राम एकाच कंपनीकडे का? मुंबईत आजही कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीजबिल आणि बसचं तिकीट एकाच संस्थेचं असतं, आणि आपल्याकडच्या माणसाला महावितरण आणि एसटी एकाच घरात असल्यासारखं ते चमत्कारिक वाटतं.

कारण त्या काळच्या विजेच्या धंद्यात होतं. तेव्हा वीज मुख्यतः दिव्यांना लागे, म्हणजे संध्याकाळी चार-पाच तास. जनरेटर, बॉयलर, तारा यांच्यात लाखो रुपये गुंतवायचे आणि दिवसभर ते नुसते उभे. गावात पिठाची गिरणी टाकणारा दळणाच्या जोडीला मिरची कांडप लावतो ते याच हिशोबाने. मोटार एकच, भाडं एकच, तर रिकाम्या वेळात तिने आणखी काही काम करावं. वीज कंपनीसाठी ट्राम हे मिरची कांडप होतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरलेली वीज घेणारं, पैसे बुडवणार नाही असं हक्काचं गिऱ्हाईक. म्हणून जगातल्या कितीतरी शहरांत ट्राम वीज कंपन्यांनी चालवली.

मुंबईत या नव्या कंपनीने जुन्या घोडा-ट्रामची मालमत्ता ९८,५०,००० रुपयांना घेतली. त्या काळातले अठ्ठ्याण्णव लाख! वाडी बंदरला ४,३०० किलोवॅटचं वीजघर उभं केलं आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम निघाली. पुढची वीस-पंचवीस वर्षं तिचीच होती. गर्दी इतकी वाढली की सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आणावी लागली. ससून डॉकपासून दादरपर्यंत दीड आण्यात जाता येई, त्यामुळे गिरणी कामगार, हमाल, कारकून यांची ती हक्काची गाडी होती. शहरही तिच्या मागे सरकत गेलं. जिथे रूळ गेले तिथे चाळी उठल्या. गरिबाच्या खिशाला परवडेल अशा भाड्यात कामाच्या जागेपासून लांब राहता येणं, ही गोष्ट मुंबईला लोकलच्या आधी ट्रामने शिकवली असं मला वाटतं. विजेची लोकल आली ती १९२५ मध्ये, बोरीबंदर ते कुर्ला.

मग बिघडलं काय?

आधी रूळ कसा टाकतात ते पाहू. रेल्वेचा रूळ खडीवर मोकळा पडलेला असतो. ट्रामचा रूळ रस्त्याच्या पातळीत पुरलेला असतो, त्याच्या वरच्या कडेला खाच असते, आणि दोन्ही बाजूंनी घडीव दगड बसवलेले असतात. वरून टांगे, हातगाड्या, पुढे लॉऱ्या जातात. रूळ झिजला, सांधा उखडला की दगड काढा, खणा, बदला, परत दगड बसवा, आणि हे सगळं वाहता रस्ता अडवून. शिवाय अशा कंपन्यांना परवाना देताना शहरं एक अट घालत, रुळांमधल्या आणि रुळांलगतच्या पट्टीचा रस्ता कंपनीने स्वखर्चाने नीट ठेवायचा. ब्रिटनच्या १८७० च्या ट्राम कायद्यात हे स्पष्ट होतं. घोड्यांच्या काळात यात तर्क होता, कारण घोड्यांच्या नाला रस्ता उखडत. विजेच्या ट्रामने रस्त्याला खरचटतही नाही, तरी अट राहिली. म्हणजे ट्रामच्या तिकिटातून जो रस्ता सांभाळला जाई, त्यावरून मोटारी आणि बस फुकट जात.

त्याच ब्रिटिश कायद्यात आणखी एक मेख होती. २१ वर्षांनी नगरपालिकेला ट्राम विकत घ्यायचा हक्क, आणि तोही त्या वेळी मालाची जी किंमत असेल तेवढ्यालाच. आता मुदत जवळ आल्यावर कोणता मालक नवे रूळ टाकेल? तो ओढून-ताणून दिवस काढणार. मुंबईचा करार ७ ऑगस्ट १९०५ चा. महापालिकेने ट्राम, बस आणि वीज ताब्यात घेतली ती ७ ऑगस्ट १९४७ ला, बरोबर ४२ वर्षांनी. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी महापालिकेच्या पदरात पडली ती चाळीस वर्षं वापरलेली यंत्रणा.

भाड्याचं दुखणं वेगळं. डिझेल महागलं की एसटीचं भाडं वाढतं आणि आपण दोन दिवस कुरकुरतो. ट्रामचं भाडं वाढवणं म्हणजे आगीशी खेळ. १९५३ मध्ये कलकत्त्यात दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवलं तर शहर पेटलं, ट्राम जाळल्या गेल्या, आणि वाढ मागे घ्यावी लागली. त्या आंदोलनामागे परदेशी कंपनीविरुद्धचा राग होता, बेकारी होती, हे खरंच. पण युद्धानंतर पोलाद, तांबं, पगार सगळं दुप्पट-तिप्पट झालं असताना भाडं तिथेच, तर रुळांचा पैसा येणार कुठून?

आणि बस? मुंबईत बस आणली ती खुद्द ट्राम कंपनीनेच, १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. सुरुवातीला तिच्यात बरे पैसेवाले बसत, गरीब माणूस ट्राम सोडायला तयार नव्हता. पण कंपनीच्या कारकुनाने वहीत दोन रकाने आखले असतील तर चित्र लख्ख दिसलं असणार. बसला रूळ नको, तार नको, रस्त्याची दुरुस्ती नगरपालिका करणार. एक बस बंद पडली तर मागची बाजूने निघून जाते, एक ट्राम बंद पडली तर मागे दहा ट्रामची रांग लागते. नवी वस्ती झाली तर उद्यापासून बस सुरू करता येते, ट्रामसाठी आधी वर्षभर खणायचं. दर प्रवाशामागे चालवण्याच्या खर्चात ट्राम अजूनही स्वस्त पडत असे, कारण एका गाडीत माणसं जास्त आणि डबे टिकाऊ, वर्षानुवर्षं चालणारे. पण चालवण्याचा खर्च आणि नव्याने उभं करण्याचा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. चाळीस-पन्नास वर्षांनी सगळे रूळ एकदम बदलायची वेळ येते तेव्हा दुसरा आकडाच समोर उभा राहतो.

मुंबई तोवर रूळ संपतात त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. १९०१ ला शहराची लोकसंख्या ७.७६ लाख होती. १९५० आणि १९५७ मध्ये हद्दी उत्तरेकडे वाढवून बृहन्मुंबई झाली, आणि १९६१ च्या जनगणनेत आकडा ४१.५ लाखांवर गेला. ट्राम दादर, किंग्ज सर्कलच्या टप्प्यातच राहिली. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला राहणाऱ्या माणसाला लोकल हवी होती आणि स्टेशनापासून घरापर्यंत बस. ट्रामचा उतारू शहराच्या जुन्या भागातला, कमी पल्ल्याचा, आणि सगळ्यात कमी भाडं देणारा असा उरला.

वीज कंपनीचं ते हक्काचं गिऱ्हाईक? त्याचीही गरज संपली होती. घराघरांत पंखे, दुकानांत दिवसभर दिवे, लिफ्ट, कारखाने. दिवसाची वीज घ्यायला आता रांग लागली होती. बेस्टमध्ये विजेच्या नफ्यातून वाहतुकीचा तोटा भरून काढायची पद्धत पुढेही बरीच वर्षं चालली, पण ट्रामला वाचवण्यात वीज विभागाचा स्वतःचा फायदा काही उरला नव्हता. अमेरिकेत तर हे कायद्यानेच झालं. १९३५ च्या कायद्याने बड्या वीज कंपन्यांना इतर धंदे सोडायला लावले, आणि विजेच्या नफ्यावर जगणाऱ्या कितीतरी ट्राम उघड्यावर पडल्या.

इथेच ती संगनमताची गोष्ट येते. ती खोटी नाही. जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि तेल कंपन्यांनी नॅशनल सिटी लाइन्स नावाच्या कंपनीत पैसा घातला, तिने अनेक शहरांच्या ट्राम कंपन्या घेतल्या आणि तिथे बस आणल्या. १९४९ मध्ये शिकागोच्या कोर्टात या कंपन्या दोषी ठरल्या. पण दोष सिद्ध झाला तो त्या शहरांना बस, टायर, इंधन आपणच विकायचं या कटाचा. दंड कंपनीला ५,००० डॉलर आणि अधिकाऱ्याला एक डॉलर! ट्राम तोवर बऱ्याच ठिकाणी आजारीच होत्या. लॉस एंजेलिसला हेन्री हंटिंग्टनने मैलोनमैल रूळ टाकले ते मुख्यतः शेजारची जमीन प्लॉट पाडून विकायला. प्लॉट संपले, मग ट्राम चालवण्यात कुणाला रस? मुंबईत तर कट करायला बाहेरच्या माणसाची गरजच नव्हती. ट्राम आणि बस एकाच ऑफिसात बसून ठरत होत्या.

१९५० नंतर मुंबईत एकेक मार्ग बंद होत गेला. मद्रासची ट्राम १९५३ मध्येच बसली होती, कानपूरची त्याच्याही वीस वर्षं आधी, दिल्लीची १९६३ मध्ये. मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. बरेच रूळ उखडण्याचा खर्चही टाळला गेला, वरून डांबर ओतलं. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ रस्त्याचं काम चालू असताना ते खाली तसेच सापडले.

एक मजेशीर तुकडा राहिलाच. १९६२ मध्ये बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव अशी ट्रॉलीबस सुरू केली, म्हणजे वर ट्रामसारखी तार, खाली रबरी टायर. ती १९७१ पर्यंत टिकली. नाशिकसाठी 'मेट्रो निओ' नावाने जे मांडलं गेलं ते, उन्नत मार्ग सोडला तर, तत्त्वाने हेच आहे. 'निओ' म्हणजे नवं, असं म्हणतात!

मेलबर्नला ट्राम का टिकली, हे विचारलं की वाटतं तिथल्या लोकांना तिचं कौतुक जास्त असेल. असेलही. पण एक कारण अगदी रोखठोक आहे. तिथल्या ट्राम मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट रिसन यांनी १९५० च्या दशकात रूळ जाड काँक्रीटमध्ये पक्के बसवून घेतले, म्हणजे ते उखडणं नवे टाकण्याइतकंच महाग पडावं. रस्ते रुंद होतेच. कलकत्त्यात मैदानाच्या कडेला ट्रामला स्वतःची वेगळी पट्टी होती, तिथे ती शेवटपर्यंत सुखाने चालली. जिथे ती गर्दीच्या रस्त्यात मोटारींबरोबर अडकली तिथे ती रखडली, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने वारसा म्हणून छोटा मार्ग ठेवून बाकी बंद करायचं जाहीर केलं.

स्वतःची पट्टी असणं म्हणजे काय, याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता. नाशिकला नाशिकरोडवरून गावात येणारी घोड्यांची ट्राम होती, तिच्या कामात तो सल्लागार होता. त्याच माणसाने १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू केली, अडीच फुटी रुळांची. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, पुढे दुसऱ्या टोकाने मिरजेपर्यंत गेली. नाशिकची ट्राम रस्त्यात होती, ती १९३० च्या दशकात नामशेष झाली. बार्शी लाईट तिच्यापेक्षा काही फार वेगवान नव्हती, म्हातारी माणसं सांगतात की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येई. पण तिची जमीन तिच्या पायाखाली होती. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली, आणि २००० नंतर रूळ रुंद करून, काही ठिकाणी बाजूला सरकवून, तोच मार्ग ब्रॉडगेज झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. ती गाडी आली ती मिरज, कुर्डुवाडी, लातूर अशी, म्हणजे कॅलथ्रॉपच्या वाटेने. छोट्या रुळांची मोठी गाडी करता आली, कारण जागा कुणी घेतली नव्हती. लाईनीच्या जागी रस्ता झाला असता तर टँकर आणि खड्डे एवढंच उरलं असतं.

बाकी मराठवाड्यात आपण रुळांपेक्षा रबरावरच जगलो. निजामाच्या रेल्वेने स्वतःच १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ माणसांनिशी बससेवा सुरू केली. पुढे हैदराबाद राज्य फुटलं, मराठवाडा इकडे आला आणि १९६१ मध्ये इथली बससेवा राज्याच्या एसटीत मिसळली. लाल गाडीला कुणी रूळ दुरुस्त करायला लावलं नाही, म्हणून ती धनेगाव-देवणीपर्यंत पोचली. तिचं मरण वेगळ्या कारणाने ओढवतं. फायद्याच्या मार्गावर काळी-पिवळी तिच्या पाच मिनिटं आधी निघते आणि तोट्याच्या मार्गावर ती एकटीच असते.

संभाजीनगरला सध्या शेंद्रा ते वाळूज मेट्रो आणि उड्डाणपुलाची चर्चा होते. प्रकल्प अहवाल झाला, बैठका झाल्या. मला त्यात पहिल्यांदा बघावंसं वाटतं ते पान खर्चाचं नसून जागेचं आहे. मेट्रो खांबांवरून जाते म्हणजे ती स्वतःची जागा हवेत विकत घेते, म्हणून तर ती इतकी महाग. जालना रोडवर बसला रंगवलेली पट्टी देणं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं स्वस्त आहे. पण पुण्यात २००६ ला बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली पट्टी, सुरू झाल्यावर तिच्यात दुचाक्या कशा घुसल्या ते सगळ्यांनी पाहिलं. क्रांती चौकात शेअर रिक्षा कुठे थांबतात हे ज्याला माहीत आहे त्याला इथे काय होईल हेही माहीत आहे. पट्टी मोकळी ठेवणारा शिपाई रोज उभा करायचा खर्च कुठल्या खात्याच्या रकान्यात टाकायचा, ते आधी ठरवायला हवं.

आणि इलेक्ट्रिक बस येणार असेल, आलीच असेल, तर ट्रामच्या वहीतला एक प्रश्न तिलाही लागू होतो. तिला रूळ नाहीत, पण बॅटरी आहे, आणि ती गाडीच्या आधी थकते. बहुतेक शहरं आता गाडी विकत न घेता किलोमीटरमागे ठरलेला दर देऊन ठेकेदाराकडून चालवून घेतात. त्या दरात बॅटरी बदलण्याचा खर्च धरलाय की नाही, आणि कराराची मुदत संपायला दोन वर्षं उरलेली असताना बॅटरी गेली तर ती कोण बदलणार, हे करारात कुठेतरी लिहिलेलं असतं. नगरसेवकांनी तेवढी दोन कलमं मोठ्याने वाचून घेतली तरी पुष्कळ झालं.